आईच्या पाटल्या आणि सराफ

काल अंगठी रिठ्याच्या पाण्यात घासताना उग्र वास आला आणि त्याच वासानं भरलेलं, नव्वदच्या सुमाराचं पनवेलमधलं सराफाचं दुकान आठवलं. माझ्या लग्नासाठी आम्ही मायलेकी हिरा बघत होतो. शेजारच्या दुकानात तशाच खड्याचा भाव दीडपट सांगितला होता.

"मग तुम्ही एवढा स्वस्त कसा देता?" आईनं सराफाला विचारलं. "दिव्याखाली काचही चमकते. मी हा बाहेर उन्हात बघणार."

"घेऊन परत याल कशावरून, वहिनी?"

आईनं हातातल्या पाटल्या काढून काउंटरवर ठेवल्या आणि खडा घेऊन ती रस्त्यावर गेली. मी लाजेनं मान खाली घातली. तेवढ्यात खरखर ऐकू आली. सराफ आईची पाटली कसोटीच्या दगडावर घासत होता!

आईनं ते दारातूनच पाहिलं. आता भांडण होणार, असं वाटलं. पण ती शांतपणे खुर्चीवर बसली. "याच खड्याची अंगठी करा."

रस्त्यात मी चिडून कारण विचारलं.

"त्याला खोट्याची एवढी धास्ती आहे," ती म्हणाली, "तो मला खोटं द्यायचा नाही."

तेव्हा मला दोघांचीही लाज वाटली होती. आज वाटतं, त्या दुपारी एकमेकांना नीट ओळखलं ते त्या दोघांनीच.