घोडा ओढा तीन

बाळाजी म्हसकरांवर कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि ते काम माझंच होतं. आठ वर्षं मी त्रिनगर बुद्धिबळ मंडळाचा सचिव होतो. मंडळाचं ‘पटवार्ता’ हे चार पानी बातमीपत्र मीच काढायचो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथल्या झाडून सगळ्या खेळाडूंची नावं त्यात मी छापली, त्यांचे डावही छापले. स्वतःचे तर पाच छापले, त्यातला एक हरलेला होता, म्हणजे बघा. बाळाजींचा एकही छापला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी माझी बाजू सावरायला लागलो तर तुम्ही मला तिथल्या तिथे धरू शकाल.

मी शरदचंद्र ताम्हाणे. अंबरनाथच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. दिवसभर मायक्रोमीटर घेऊन बसायचं आणि मापात केसाएवढा फरक दिसला की माल परत करायचा, हे माझं काम. तीच सवय घरी आली. माझी बायको सुनेत्रा म्हणायची, हे पोळीलासुद्धा गेज लावून मग तुकडा मोडतात. मंडळातही मी तसाच होतो. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये एका सिंधी सेठच्या जीन्सच्या गोदामावर आम्हाला दर रविवारी खोली मिळायची. भाडं नाही. सेठना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तासाभराने वर येऊन ‘कौन जीत रहा है साईं?’ विचारायची त्यांना हौस होती. मी त्यांनाही तोंडावर बोट ठेवून गप्प करायचो. ज्याची खोली त्यालाच गप्प करणारा माणूस मी.

शहाऐंशी साली बाळाजी आले. बदलापूर गावातले शेतकरी, वय पन्नाशीला टेकलेलं, डोक्याला टोपी, सायकलच्या कॅरियरला जांभळांची करंडी बांधलेली. त्यांच्या गावात देवळाच्या पारावर देशी पद्धतीचं बुद्धिबळ चालायचं. त्यात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. त्या खेळात बाळाजींना हरवणारा पंचक्रोशीत उरला नव्हता. कुणीतरी त्यांना सांगितलं की कॅम्प पाचला इंग्रजी नियमाने खेळतात, तिकडे जा. हे आले. पहिल्याच डावात राजाला उडी मारायला लावली, आणि सगळे हसले. बाळाजीही हसले आणि म्हणाले, ‘बरं, तुमचा राजा पंगू हाय तर पंगू. शिकवा.’

शिकवलं मी. त्याबद्दल मात्र कुणी मला नाव ठेवू शकत नाही. दोन पावसाळे दर रविवारी त्यांना एक तास दिला. माणूस विलक्षण होता हो. एकदा दाखवलेलं विसरायचा नाही. अडलं ते फक्त डाव लिहून ठेवण्याशी. स्पर्धेत दोन्ही खेळाडूंनी आपापल्या कागदावर प्रत्येक खेळी नोंदवायची असते, आणि त्यासाठी पटावरच्या आठ उभ्या पट्ट्यांना इंग्रजी अक्षरं असतात, ए पासून एच पर्यंत. बाळाजी मराठी चौथी. इंग्रजी अक्षरं त्यांच्या हाताला वळेनात. मी चिडलो आणि म्हणालो, ‘बाळाजी, तुम्ही काय वाटेल ते लिहा, पण प्रत्येक घराला नाव पाहिजे आणि प्रत्येक खेळी कागदावर पाहिजे. कागद नसेल तर तुमचं कुणीही ऐकणार नाही.’

हे वाक्य माझं. नीट लक्षात ठेवा.

पुढच्या रविवारपासून ते लिहायला लागले. शिसपेन्सिल जिभेला लावून, सावकाश, मोठ्या अक्षरात. डाव संपला की कागद दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, ‘शेक्रेटरीसाहेब, बरा वाटला तर छापा.’ मी वरवर बघायचो. वेस, विहीर, आंबा, असले काहीतरी शब्द दिसायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याने घरच्या कामांची यादीच लिहिली आहे की काय! बघू म्हणायचो आणि कागद गठ्ठ्यात टाकायचो. दोन वर्षांत मी त्यातला एकही वाचला नाही. मापात न बसणारा माल मी वाचत नसे.

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात आमच्या मंडळाची मोठी स्पर्धा ठरली. त्यातले पहिले चार जिल्ह्याच्या संघात जाणार होते आणि संघ सांगलीला खेळायला जाणार होता. सांगलीचं नाव ऐकल्यावर बाळाजींची झोपच उडाली. त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी सांगितलं होतं, म्हणे, की खरा खेळ बघायचा तर सांगलीला. हे उभ्या जन्मात पुण्याच्या पलीकडे गेले नव्हते. त्यांनी सगळ्या गावाला सांगून टाकलं की मी सांगलीला चाललोय. त्यांच्या बायकोने, कौसाबाईंनी, पांढरा सदरा शिवून घेतला. इकडे माझा जीव वेगळ्याच कारणाने टांगणीला लागला होता. आमच्या मंडळाला अजून जिल्ह्याची मान्यता नव्हती. त्यासाठी जिल्ह्याचे एक निरीक्षक शेवटच्या दिवशी येऊन बसणार होते. स्पर्धेचा पंच अर्थातच मी.

शेवटच्या फेरीत बाळाजींना फक्त अर्धा गुण हवा होता. बरोबरी झाली की चौथा नंबर आणि सांगली. समोर होता जयदेव, कॅम्प पाचमध्येच बँकेत नोकरी करणारा, चलाख खेळाडू. पोरगा वाईट नव्हता, हेही सांगतो. डाव लांबला. जयदेवची वेळ संपत आली. घड्याळात पाच मिनिटांपेक्षा कमी उरली की खेळ्या लिहिल्या नाहीत तरी चालतं, म्हणून त्याने लिहिणं सोडलं. बाळाजी लिहीतच होते. त्यांचा घोडा पुढे जायचा आणि मागे यायचा, जयदेवचा वजीर बाजूला सरायचा आणि परत यायचा.

आणि बाळाजींनी हात वर केला.

नियम असा, की तीच मांडणी पटावर तिसऱ्यांदा येणार असेल तर खेळाडूने ती खेळी कागदावर लिहायची, पटावर करायची नाही, आणि पंचाला बोलवायचं. पंचाने खातरजमा केली की डाव बरोबरीत सुटतो. बाळाजींनी शब्दशः तसंच केलं होतं. मीच शिकवलं होतं ना. मी गेलो, घड्याळ थांबवलं. जयदेवचा कागद मागितला, तो एकतिसाव्या खेळीनंतर कोरा. त्याला विचारलं, तो म्हणाला, ‘घाईत होतो सर, मोजलं नाही.’ मग बाळाजींचा कागद घेतला. ओढा, माळ, देऊळ. माझ्या खांद्यावरून निरीक्षक वाकून बघत होते. ते हळूच म्हणाले, ‘तुमच्याकडे असंही चालतं वाटतं?’

बस्. तेवढं पुरलं. माझे कान तापले. मी हातातल्या घड्याळाकडे बघितलं. निरीक्षक सव्वापाचला निघणार होते आणि त्यांच्या शिफारशीवर अजून सही व्हायची होती. मी बाळाजींना विचारलं, हे काय लिहिलंय? कुठल्या भाषेत?

ते म्हणाले, ‘मराठीतच हाय साहेब. दुसरा पट द्या, पाच मिन्टात मांडून दाखवतो.’

शेजारचा पट रिकामा होता. मोहरे डब्यात पडले होते. मी म्हणालो, ‘ही नोंद मान्य नाही. दावा फेटाळला.’ केवढ्या ठसक्यात म्हणालो! आणि चुकीचा दावा केला की शिक्षा असते, त्याप्रमाणे त्यांच्या घड्याळातली पाच मिनिटं कापली. त्यांनी पाच मिनिटं मागितली होती, मी पाच मिनिटं कापली. त्या वेळी हे मला सुचलंसुद्धा नाही.

एवढ्या वेळात जयदेवने पट डोळे भरून बघून घेतला होता. लिहिलेली खेळी बाळाजींना करावीच लागली, घोडा मागे आला, आणि जयदेवने या वेळी वजीर न हलवता हत्ती आत घातला. बारा खेळ्यांत डाव संपला. बाळाजींनी उठून जयदेवचा हात हातात घेतला, सही केली, आणि कागद दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. या वेळी छापा म्हणाले नाहीत. सायकल घेऊन गेले ते पुन्हा कधी आले नाहीत. मी ‘पटवार्ते’त लिहिलं, ‘स्पर्धा अत्यंत शिस्तबद्ध वातावरणात पार पडली.’

मान्यता मिळाली. पत्र फ्रेम करून खोलीत लावलं. मग जयदेवची बदली झाली, सेठनी गोदाम विकलं, घरोघर केबल आली आणि रविवारी यायला कुणाला वेळ होईना. एक्क्याण्णवमध्ये मंडळ बंद पडलं. फ्रेम, पट, कागदांचे गठ्ठे, सगळं माझ्या पलंगाखालच्या ट्रंकेत गेलं.

बाळाजींची आठवण यायची का? यायची. पण मी मनाशी म्हणायचो, नियम तो नियम. कारखान्यातही असंच म्हणत आलो होतो.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात सुनेत्राने फर्मान काढलं, की एक तर ट्रंक राहील नाहीतर मी. बसलो कागद फाडायला. फाडता फाडता तो कागद हातात आला. वर तारीख होती, खाली दोघांच्या सह्या. नुसती गंमत म्हणून पट मांडला आणि वाचायला लागलो. पहिली खेळी, ‘प्यादं देऊळ ४’. देऊळ म्हणजे राजापुढची पट्टी, हे पहिल्याच खेळीला कळलं. दुसरी, ‘घोडा ओढा ३’. तेही कळलं. वेस, विहीर, आंबा, खळं, देऊळ, ओढा, माळ, डोंगर. गावाच्या वेशीपासून डोंगरापर्यंत आठ पट्ट्यांची आठ नावं, आणि पुढे मराठी आकडा. जे आम्ही इंग्रजी अक्षरांत लिहायचो तेच, तंतोतंत, एका रेघेचाही फरक नाही. प्रत्येक घराला नाव होतं. प्रत्येक खेळी कागदावर होती.

चौतिसाव्या खेळीला ‘घोडा ओढा ३’. छत्तिसाव्या खेळीला ‘घोडा ओढा ३’. अडतिसाव्या खेळीला पुन्हा ‘घोडा ओढा ३’, आणि तिन्ही वेळा पटावर तीच मांडणी. त्या अडतिसाव्या नोंदीखाली त्यांनी बारीक रेघ मारली होती, हात वर केल्याची खूण म्हणून. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सगळा डाव मांडायला मला सहा मिनिटं लागली होती, आणि मी सावकाश मांडत होतो.

सुनेत्रा चहा घेऊन आली तर मी रडत होतो. तिला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, ‘मला काय सांगताय? त्यांना जाऊन सांगा.’

दुसऱ्या दिवशी बदलापूर गावात गेलो. आठ वर्षांत पहिल्यांदा. घर विचारत विचारत पोचलो. कौसाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघून घेतलं. म्हणाल्या, सदरा अजून पेटीत आहे, घडी मोडलेली नाही. सांगलीहून आलास का म्हणून गावात लोक वर्षभर चेष्टेने विचारायचे. त्या दिवसानंतर यांनी पारावरचा खेळसुद्धा सोडला. एवढं बोलून त्या चहा ठेवायला आत गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

बाळाजी ओटीवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. ‘या शेक्रेटरीसाहेब,’ म्हणाले. अजून शेक्रेटरीच. मी खूप बोलायचं ठरवून गेलो होतो, पण तोंडातून एवढंच निघालं, ‘बाळाजी, तुमचं बरोबर होतं. मी काल डाव मांडून बघितला. मी चुकलो.’

ते म्हणाले, ‘मना ठाव व्हता.’ रागाने नाही. पाऊस कधी पडेल ते सांगावं तसं.

मी म्हणालो, बातमीपत्र आता बंद झालंय, नाहीतर हा डाव पहिल्या पानावर छापला असता. ते ऐकून ते हसले. मग विचारलं, कागद आणलाय का? मी खिशातून काढला. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून म्हणाले, वाचा.

मी वाचायला लागलो. प्यादं देऊळ चार. घोडा ओढा तीन. उंट आंबा चार. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि मांडीवर बोट सरकत होतं, एकेक घर. ज्या गावातली ही नावं, तिथली निम्मी शेतं विकली गेली होती, ओढ्यावर स्लॅब पडला होता, समोर चार मजली इमारतीचं प्लास्टर चाललं होतं. त्यांचं बोट बरोबर घरावर जात होतं. कौसाबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. चौतीस. छत्तीस. अडतीस.

‘घोडा ओढा तीन,’ मी वाचलं.

त्यांचं बोट थांबलं. ‘हितं मी हात वर केलता,’ ते म्हणाले.

‘हो.’

‘आन् तुमी घड्याळाकडं बघितला.’

मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली, कागद माझ्या हातातून घेतला, चार घड्या करून टोपीत ठेवला, आणि कौसाबाईंना म्हणाले, साहेबांचा चहा निवतोय.