गुळाच्या डब्याची चावी

गावच्या दूध संस्थेत मी सव्वीस वर्षं दूध तपासलं. सकाळ-संध्याकाळ कॅन यायचे, मी बाटलीत नमुना घ्यायचो, मशीन फॅट दाखवायचं आणि मी आकडा मोठ्यानं वाचायचो. कुणी कुरकुरलं की माझं वाक्य ठरलेलं होतं, "मशीन खोटं बोलत न्हाई." या एका वाक्यानं मी अर्ध्या गावाशी वाकडं घेतलं, आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमानच होता.

निवृत्त झालो त्याच्या पुढच्याच वर्षी बायकोला साखरेचा आजार निघाला. केजच्या डॉक्टरांनी घरी साखर तपासायचं छोटं मशीन घ्यायला सांगितलं. रिकाम्या हाताला पुन्हा काम मिळालं म्हणून मी मनातून खूश झालो. सकाळी गाईचं सगळं आवरून, चहाच्या आधी ती ओसरीवर येऊन बसायची. मी बोटाला सुई टोचायचो, थेंब पट्टीला लावायचो, आकडा वहीत लिहायचो. सहा महिने आकडे शहाण्यासारखे वागले. एकशे तीस, एकशे चाळीस, एखाद्या दिवशी दहा-वीस इकडंतिकडं.

मग सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला. टँकर आठवड्यातून एकदा यायला लागला. घरातल्या पाण्याचे नियम मी केले, कारण नियम करायला मला आवडतं. आधी प्यायला, मग गाईला, उरलं तर अंघोळीला. हात खरकटा नसेल तर नुसता पुसून घ्यायचा, धुवायचा नाही. कडबा संपत आला तेव्हा संस्थेनं सभासदांच्या जनावरांसाठी उसाचा ट्रॅक्टर आणायला सुरुवात केली. कारखान्याला जायचा ऊस, उभ्या उभ्या वाळायला लागला म्हणून चाऱ्याला निघालेला. ट्रॅक्टर आला की दोन-तीन दिवस गाईला ऊस, तो संपला की पुन्हा उरलासुरला कडबा.

त्याच सुमारास वही बिघडली. एकशे पस्तीस, मग एकदम दोनशे ऐंशी, दोनशे पंच्याण्णव, पुन्हा एकशे बेचाळीस. उपाशीपोटी एवढी साखर येते कुठून?

"रात्री काय खाल्लंस?" मी विचारलं.

"तुमच्या म्होरंच खाल्ली की अर्धी भाकरी."

"मग हे कावून?"

"मला काय ठाव? पुन्यांदा टोचून बघा की."

"डेअरीत दोनदा नमुना घेत न्हाईत," मी म्हणालो.

त्याच दिवशी मी गुळाचा आणि साखरेचा डबा लोखंडी पेटीत घातला, कुलूप लावलं आणि चावी कमरेच्या करगोट्याला बांधली. ती काही बोलली नाही. चोरी सापडली म्हणून गप्प बसली, असं मी समजलो. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी वही पाहिली आणि पथ्य विचारलं. "पाळती की," ती म्हणाली. शेजारी बसून मी मुद्दाम खाकरलो. वहीतले आकडे बघून डॉक्टरांनी गोळी वाढवली.

चार-पाच दिवस गेले. सकाळी आकडा दोनशे नव्वद आला होता, मी तो लाल पेनानं लिहून ठेवला होता. जेवणाच्या जरा आधी, भाकरीच्या पिठाचे हात धुऊन ती ज्वारी निवडत होती. सूप हातातून निसटलं. बघतो तर अंगाला दरदरून घाम, हात लटलट कापतायत, बोलणं अडखळतंय. मशीन लावलं. अठ्ठावन्न.

साखर उतरली तर लगेच गोड द्यायचं, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गोड सगळं पेटीत, आणि करगोट्याची गाठ सुटेना. शेवटी पेटीपुढं गुडघे टेकले, कंबर कुलपाला भिडवली आणि तशीच चावी फिरवली. गुळाचं पाणी तिला घोटाघोटानं पाजलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं तर आकडा वर आला होता. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आवं, तुमालाच घाम फुटलाय." मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

सकाळी दोनशे नव्वद आणि दुपारी अठ्ठावन्न. आता मला मशीनचाच संशय यायला लागला. दुसऱ्या दिवशी मी तिला उठू दिलं नाही. कोयता घेऊन उसाच्या कांड्या मीच तोडल्या, गाईला घातल्या, हात धोतराला पुसले आणि ओसरीवर येऊन मशीनची परीक्षा घ्यायला स्वतःचं बोट टोचलं.

तीनशे अकरा.

मला साखरेचा आजार नाही. निदान त्या क्षणापर्यंत तरी नव्हता. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लावायला गेलो तर ते बोटाला चिकटून वर आलं. मी बोट चाटलं. गोड होतं.

घरातला पाण्याचा कायदा मी स्वतः मोडला. साबण लावून हात धुतले, कोरडे पुसले, दुसरं बोट टोचलं. अठ्ठ्याण्णव. मग तिच्या हातावर पाणी घातलं आणि तिचं बोट टोचलं. एकशे चव्वेचाळीस. वही उघडून मागं गेलो तर उसाचा प्रत्येक ट्रॅक्टर तीत दिसत होता.

त्याच दिवशी केज गाठलं. डॉक्टरांनी गोळी पुन्हा कमी केली आणि मला समजावलं, "काका, रोज एकच आकडा येणार नाही. ताप, झोप, उशिरा जेवण, जास्त चालणं, सगळ्यानं तो हलतो. आकड्याशेजारी त्या दिवशी काय झालं तेही लिहा. आणि भलताच आला तर हात धुऊन, पुसून पुन्हा बघा." मी मान डोलावली. दोनदा नमुना घ्यायचा, हे मला या वयात शिकावं लागलं.

घरी आल्यावर मी करगोट्याची गाठ निवांत सोडली आणि चावी तिच्यापुढं ठेवली. माफी मागणं मला कधी जमलं नाही, त्या दिवशी एवढंच जमलं. तिनं चावी उलटसुलट करून पाहिली.

"कुलूप लावलं तवा तुला लई राग आला आसंल," मी म्हणालो.

"न्हाई. बरं वाटलतं."

"बरं?"

"वहीतले आकडे ऐकून मलाच वाटाय लागलतं, मी झोपंत उठून खाती का काय. म्हनलं कुलूप आसलं म्हंजी हात तरी जानार न्हाई."

मला फार लाज वाटली. "पुन्हा एकदा बघा की," असं म्हणणारे सव्वीस वर्षांत किती येऊन गेले असतील. त्यातले काही घरी जाऊन आपल्याच गाईकडं संशयानं बघत बसले असतील, हे कधी माझ्या मनातही आलं नव्हतं.

तेव्हापासून रोज सकाळी ती ओसरीच्या कडेला येऊन दोन्ही हात पुढं करते आणि मी तांब्यातून पाणी घालतो. ते खाली घमेल्यात पडतं आणि दारातल्या लिंबाला जातं. आकडा भलता आला तर मी आधी तिला विचारतो. ती सांगते, मी ते वहीत लिहितो आणि मग पुन्हा टोचतो.