ड्रम नसलेला बँड

माझं अक्षर चांगलं आहे आणि मतं ठाम आहेत. या दोन गोष्टी एकाच माणसात आल्या की ते माणूस भित्तिपत्रकात लिहायला लागतं. आमच्या कॉलेजचं भित्तिपत्रक जिन्यापाशी काचेमागे लागायचं आणि त्यातला एक कोपरा दर सोमवारी माझा असायचा. एक नवा बँड: कुठला, काय वाजवतो, का ऐकावा. वाचणारे फार तर पंधरा जण असतील, पण मी लिहायचे ते अख्ख्या महाराष्ट्राला उद्देशून.

बँड शोधायची ती माझी रूममेट. आम्ही पंचवटीत एका काकूंच्या घरात वरच्या खोलीत राहायचो. ती सुरगाण्याकडची, मी येवल्याची. आमच्या घरात पैठणीचे दोन माग आहेत. दिवसभर खटखट चालू असते, म्हणून घरातले सगळे ओरडूनच बोलतात. प्रेमाने बोललो तरी नवीन माणसाला भांडण वाटतं. मी खोली बघायला गेले तेव्हा खालीच काकूंना पाण्याच्या वेळा विचारत होते आणि ती वर कॉटवर बसून ऐकत होती. मी गेल्यावर तिने काकूंना सांगितलं, हिलाच द्या. आवाज ऐकून मला कुणी पसंत करावं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

काकूंची एकच अट होती. स्पीकर लावायचा नाही. खाली गल्लीत भाजीवाले, रिक्षांचे हॉर्न, आरतीच्या घंटा आणि दर चार दिवसांनी कुणाची तरी मिरवणूक. एवढ्या गोंगाटात आमच्या फोनने काकूंचं काय बिघडलं असतं, देव जाणे. पण खोली चांगली होती. म्हणून वायरचा एक इअरफोन दोघींत घेतला. डावं टोक माझ्या डाव्या कानात, उजवं तिच्या उजव्या कानात. ती कायम माझ्या डाव्या हाताला बसायची. मी चुकून तिच्या जागेवर बसले, तर मी सरकेपर्यंत ती उभीच राहायची. मी ते चालवून घ्यायचे. माझ्याही खोडी काही कमी नव्हत्या.

संध्याकाळचा डबा खाऊन झाला, डबे विसळले की नवा बँड. पद्धत तिने घालून दिलेली. आधी ऐकलेल्या बँडमधला एक वाजवणारा धरायचा आणि तो आणखी कुठे कुठे वाजवतो ते शोधत जायचं. तीन गाणी पूर्ण ऐकायची. मध्येच पुढे ढकलायचं नाही. तिसरं संपेपर्यंत बोलायचं नाही. हा शेवटचा नियम कुणासाठी होता ते सांगायला नको. एकटीने नवा बँड ऐकणं तर आम्ही सरळ फसवणूकच समजायचो.

अशा रीतीने आम्ही एका जॅझच्या ट्रम्पेटवाल्यामागे लागून रेगेत जाऊन पोहोचलो. रेगेतून वाळवंटात गिटार वाजवणाऱ्या, तोंडावर फेट्याचं टोक गुंडाळलेल्या लोकांकडे. मग जपानी मुलींचा एक पंक बँड सापडला. त्या कशावर इतक्या चिडल्या आहेत ते कळत नव्हतं, पण आम्ही त्यांच्या बाजूने होतो. एका थंड देशातला बँड होता, त्याची गाणी सुरू झाली की संपायचीच नाहीत. आमची धुतलेली ओढणी वाळून यायची, तरी गाणं चालूच. मेटल मला अजिबात झेपलं नव्हतं. तिला मात्र पहिल्याच गाण्यात आवडलं.

“आमच्याकडे बोहाड्याला मुखवटे घालून नाचतात ना, तेव्हा संबळ असाच वाजतो,” ती म्हणाली. “पहिल्यांदा नुसता गोंधळ वाटतो. जरा दम धर.”

मी दम धरला. तिसऱ्या गाण्याला माझा पाय आपोआप हलायला लागला आणि ते तिने पाहिलं. नंतर आठवडाभर मला चिडवत होती.

दुसरं वर्ष संपत आलं होतं तेव्हा एक जुना बँड हाती लागला, आमच्या आयांच्या जन्माआधीचा. एक बाई आणि तीन पुरुष. मला तो भयंकर आवडला. रविवारी ती गावी गेली होती, म्हणून तिला न दाखवताच मी मजकूर लावून टाकला. त्यात एक वाक्य होतं: ‘ड्रम न वापरण्याचं धाडस या बँडने केलं आहे, ताल आहे, पण तो ऐकणाऱ्याच्या मनात.’ हे वाक्य मी चार वेळा मोठ्याने वाचून पाहिलं होतं.

सोमवारी दुपारी काचेवर एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. ‘ड्रम आहे. उजव्या कानात.’

चिठ्ठी प्रयोगशाळेतल्या मामांची होती. मामा परीक्षानळ्या धुतात आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतात. मी तावातावाने त्यांच्याकडे गेले. त्यांनी स्वतःचा इअरफोन माझ्या दोन्ही कानांत घातला आणि तेच गाणं लावलं. उजवीकडून ड्रम असा काही आला की मी मागे वळून पाहिलं.

“जुन्या लोकांनी एकेक वाद्य एकेका बाजूला ठेवून दिलंय,” मामा म्हणाले. “नव्या गाण्यांत दोन्हीकडे जवळपास सारखंच असतं, म्हणून तुला कळलं नसेल. अगं पोरी, तू अर्धाच बँड ऐकलास की.”

माझी जाहीर शोभा झाली होती, पण मला हसूच आवरेना. म्हणजे आम्ही दोघींनीही दोन वर्षं अर्धं अर्धंच ऐकलं होतं. माझ्याकडे ड्रम नव्हता, तर तिच्याकडे गिटार नव्हती, आणि मागून बारीक आवाजात गाणारी ती बाईही नव्हती. मी आमच्या खोलीचा जिना चढले तीच हाका मारत. ती नुकतीच एसटीतून उतरून आली होती, केस विंचरत होती. मी दोन्ही टोकं तिच्या कानांत घातली आणि तेच गाणं लावलं.

“नको. एक तू घे,” ती म्हणाली.

“आज दोन्ही तुझे. ऐक. डावीकडून गिटार येतेय?”

“हो.”

“आणि बाई? मागून, बारीक आवाजात?”

“हो गं. मस्त गातेय.”

ती केस बांधता बांधता मान डोलवत होती आणि इअरफोनचं डावं टोक कधीच निसटून तिच्या खांद्यावर लोंबत होतं.

मला राग आला. खरं सांगायचं तर आधी रागच आला. “खोटं कशाला बोलतेस?” मी ओरडले. “कानात तरी आहे का ते?” तिने हात वर नेऊन डावा कान चाचपला. मग खांदा. तिचा तो हात आठवला की आजही मला माझी लाज वाटते.

ती भिंतीकडे बघत बोलली. लहानपणी तिचा डावा कान वाहायचा. दवाखाना लांब होता, पावसाळ्यात रस्ता बंद असायचा. वाहता वाहता एके वर्षी वाहायचा थांबला, तेव्हा घरच्यांना बरं वाटलं. मग कळलं, ऐकूही येत नाही. आईने बजावलं होतं, कुणाला सांगू नको, लग्नाला अडचण होईल.

“तू खाली बोलत होतीस ते मला वर नीट ऐकू आलं होतं,” ती म्हणाली. “म्हणून तुला घेतलं. आता तू कीव करशील.”

“नाही,” मी म्हणाले, नको तितक्या मोठ्याने.

“तुझं तू ऐकत जा. तुला दोन्हीकडून येतं. माझ्यापायी अर्धं कशाला?”

त्यानंतर चार दिवस बँड नाही. डबा खाल्ला की ती भिंतीकडे तोंड करून निजायची, उजवा कान उशीत दाबून. मी कितीही बोलले तरी तिच्यापर्यंत काही पोहोचायचं नाही आणि ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. शुक्रवारी काकू म्हणाल्या, ती खालची एकटीची खोली मागतेय, तुमचं काही झालंय का? मी काही नाही म्हणाले आणि वर जाऊन रडले. मला त्या मुलीशिवाय गाणी नको होती. इतकं साधं होतं ते, पण तिला सांगायला कान मोकळा हवा ना.

शनिवारी मी मामांना विचारलं, आमच्या एका नातेवाइकाला एकाच कानाने ऐकू येतं, त्यांनी काय करायचं? मामांनी नातं विचारलं नाही. माझा फोन घेतला, सेटिंगमध्ये गेले आणि मोनो म्हणून एक बटण दाखवलं. “हे चालू केलं की दोन्हीकडचं एकत्र होऊन एकाच कानात येतं. इतकी वर्षं नव्हतं का केलं त्यांनी?” मी मान खाली घातली.

त्या संध्याकाळी ती निजायच्या आधी मी तिच्या उजवीकडे जाऊन बसले आणि उजवं टोक पुढे केलं. “एकच गाणं,” मी म्हणाले. “नंतर जा खाली.” तिने ते घेतलं, बहुतेक मी गप्प बसावं म्हणून. गाणं सुरू झालं. थोड्या वेळाने तिचा हात वर आला, थांब म्हणावं तसा, मी काही बोलत नसतानाही. तो तसाच वर राहिला. गाणं संपलं तरी ती हलली नाही.

“ती बाई,” ती म्हणाली. “ती आधीपासून होती?”

“हो.”

“आणि गिटार?”

“तीही.”

तिने कानातलं टोक बोटाने आणखी आत दाबलं. मग म्हणाली, “पहिला बँड लाव. ट्रम्पेटवाला.”

“सगळे परत ऐकायचे? दोन वर्षांचे?”

“मग? मी कुठं ऐकलेत ते?”

मी शोधायला लागले. नाव दोनदा चुकलं. शेवटी विचारलंच, “आणि खालची खोली?”

“काकूंना नको म्हणून सांग,” ती म्हणाली. “खाली माझ्या उजवीकडे कोण बसणार?”