नासवलेलं दूध

पपनस सोललं की बोटांना लागणाऱ्या कडवट वासासरशी मला वसईतल्या आमच्या शेजारच्या आजी आठवतात. नाताळात त्यांच्या घरून गोडाचं ताट यायचं आणि आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही, ही माझ्या आईची शिकवण. आजींना मधुमेह, सगळ्यांना वाढून त्या नुसत्या बघत बसायच्या. म्हणून एका वर्षी मी बिनसाखरेची संत्र्याची खीर करायला घेतली. उकळत्या दुधात रस ओतला आणि दूध फाटलं. "नासवलंस ना दूध! आता बर्फी आणू विकतची," नवरा म्हणाला. मी हट्टाला पेटले. ते दूध फडक्यात बांधून निथळलं, मळलं, त्यात वेलची आणि आजींच्याच झाडाच्या पपनसाचा गर घातला. ते वाटीत भरून, त्यांच्याच ताटात ठेवून मी आजींकडे नेलं. त्यांनी चमचाभर चाखलं. "साकर नाय ना यात?" "नाही आजी. खरं तर दूध नासलं माझं." "मंग ही वाटी कोनाला द्याची नाय," म्हणत त्यांनी ती लुगड्याच्या पदराखाली घेतली. पुढच्या नाताळात ताट घेऊन त्या स्वतः आल्या, सोबत दोन पपनसं. दारातूनच विचारलं, "पोरी, दूध नासवलंस का?" आजही कुणी कृती विचारली, की मी ताठ मानेनं सांगते: आधी दूध नासवायचं.