बाह्यांवर उतरलेला गरुड

ताईला ऊन बाधायला लागलं, त्याला दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी बजावल्यापासून माझी ही थोरली बहीण दिवसा समुद्र बघायची तो खिडकीतूनच. परवा तिच्या लेकीने अमेरिकेहून उन्हापासून जपणारा एक सदरा पाठवला. पाठीवर पांढऱ्या डोक्याचा गरुड, आणि त्याचे पंख दोन्ही बाह्यांवर मनगटापर्यंत उतरलेले.

“या वयात हे घालू?” ताई हसली.

“घाल गं. किनाऱ्यावर कोण बघतंय?”

चार वाजता आम्ही सुरूच्या सावलीतून निघालो. सावली संपली तिथे तिने माझा हात घट्ट धरला. मग हळूच सोडला. वारा सदऱ्यात शिरला, कापड फुगलं, आणि ताईने नकळत दोन्ही हात पसरले. ढगांच्याही वर, जिथे सावलीच नसते, तिथे पाखरं उन्हाला काय म्हणत असतील? त्यांना ते वाऱ्यासारखंच वाटत असेल, अंगावरून वाहून जाणारं. मी किती वेळ तशीच बघत राहिले कोण जाणे.

“ताई, चल आता. पहिलाच दिवस आहे.”

“थांब गं,” ती म्हणाली, “अजून पाय कुठे भिजलेत?” आणि ती पाण्याकडे चालू लागली.