एका सुतानं मोठा फूट

समस्त कोल्हापूरकरांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, शिवाजी पेठेतल्या, माझ्या शेजारच्या बापूंचा फूट तुमच्या-आमच्या फुटापेक्षा एका सुतानं, म्हणजे इंचाच्या आठव्या भागानं, मोठा होता. कृपया हसू नये. या एका सुताच्या जोरावर जिल्ह्यातल्या कितीतरी शिवारांची नांगरट झाली, आणि त्याच सुतापायी मध्यंतरी माझी पार झोप उडाली होती... बापू गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्कूटरला किल्ली लावत होतो. त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा आवाज. "गेलं रं. च्या पिऊन झाला, कप खाली ठेवला आन् गेलं." मी स्कूटर सुरू करायचीही विसरलो आणि तशीच लोटत त्यांच्या दारात नेली. डिकीत काय आहे, हे मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही.

बापू उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत लाकडी साचे करायचे. त्या धंद्यात साच्याला पॅटर्न म्हणतात. पॅटर्न वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. पण बीड गार होताना आकसतं, फुटामागं सूतभर. म्हणून पॅटर्न आधीच तेवढा मोठा करावा लागतो आणि त्यासाठी पट्टीही निराळी लागते. दिसायला साध्या पट्टीसारखीच, पण तिच्यावरचा प्रत्येक फूट सूतभर वाढीव. बापूंच्या हातात हीच बिडाची पट्टी कायम. एकदा आमच्या भिंतीतल्या कपाटाचं माप मी साध्या टेपनं घेऊन दिलं आणि त्यांनी सवयीनं आपल्या पट्टीनं कपाट केलं. सहा फुटाचं कपाट सहा सुतं मोठं झालं, आत जाईना. बापूंनी चष्मा वर केला, कपाटाकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं आणि म्हणाले, "कपाट बराबर हाय. तुझी भित आकसलीया."

हे सगळं चालायचं ट्रॅक्टरच्या कंपनीसाठी. आमच्याकडं तिला नुसतं 'कंपनी' म्हणत, जणू जगात दुसरी नव्हतीच. तिचा नवा ट्रॅक्टर आला की गावात हलगी लागायची, चाकाखाली लिंबं फुटायची, आणि पावण्या-रावळ्यांच्या गर्दीत घुसून बापू गिअरबॉक्सच्या झाकणावर टिचकी मारायचे. "ह्ये माझं." मालकाला वाटायचं, म्हातारा ट्रॅक्टरवर हक्क सांगतोय. मग कंपनीचे दिवस फिरले. ती एकदा विकली गेली, पुन्हा विकली गेली, शेवटी गेटला कुलूप लागलं. आम्हाला ते पेपरच्या आधी फाउंड्रीतल्या फळ्यावरून कळत गेलं. खडूनं लिहिलेली कामं चार ओळींवर आली, मग एका ओळीवर, आणि एका सकाळी तिथं पेठेतल्या फुटबॉल मॅचचा निकाल लिहिलेला होता. माळ्यावरचे कंपनीचे पॅटर्न एका बेकरीच्या भट्टीत गेले. बापूंनी त्यानंतर पाव तोंडात घातला नाही.

पण शेतात कंपनीचे ट्रॅक्टर अजून चालत होते, आणि त्यांचं पुढं कसं व्हायचं हा एकच घोर बापूंना लागून राहिला. रस्त्यात तसला ट्रॅक्टर दिसला की आडवा हात करून थांबवायचे आणि खाली वाकून तडा शोधायचे. "आता फुटलं तर कुणाकडं जाशील?" असं विचारून चांगल्या माणसाला घाबरवून सोडायचे. आणि एक दिवस खरंच फुटलं. शाहूवाडीकडचे केरबा पोत्यात गुंडाळलेलं झाकण घेऊन दारात उभे. दोनदा वेल्डिंग केलं, दोनदा तडकलं, भाताची चिखलणी तोंडावर आलेली. बापूंचे हात तेव्हा थरथरायचे, लाकडाच्या भुशापासून लांब राहा म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. काकू आतून म्हणाल्या, "जमायचं न्हाय, पावणं." बापू म्हणाले, "टेका की, पावणं. करतो."

आता माझा पराक्रम. मी किस्से सांगणारा माणूस, आणि बापू कामाला बसता बसता बोलून गेले, "माझी पट्टी मी डोळं झाकून वळखीन." म्हटलं, बघू या. ते चहाला आत गेल्यावर मी बिडाची पट्टी उचलली आणि तिथं तसलीच साधी ठेवली. घटकाभर गंमत बघायची, परत द्यायची, पेठेत आठवडाभर सांगायला किस्सा. तेवढ्यात पुण्याहून लेकीचा फोन आला, मला तातडीनं निघावं लागलं, आणि पट्टी डिकीतच राहिली, डोक्यातूनही गेली. मी परतेपर्यंत पॅटर्न पुरा होऊन फाउंड्रीत गेला होता, आणि दोन दिवसांनी बापू...

बाराव्याला केळीची पानं आणायला म्हणून डिकी उघडली आणि हाताला बापूंची पट्टी लागली. झाकण तोवर ओतून झालं होतं. साध्या पट्टीनं केलेलं म्हणजे ते गार होऊन लहान झालं असणार, कड आत येणार, तेल गळणार. केरबांची चिखलणी बुडणार, आणि बापूंच्या शेवटच्या कामाला लोक म्हणणार, म्हातारा चुकला. काकूंना सांगावं म्हणून तीनदा स्वयंपाकघरात गेलो आणि तिन्ही वेळा पाणी पिऊन बाहेर आलो.

झाकण बसवायच्या दिवशी काकूंना मीच स्कूटरवरून फाउंड्रीत नेलं. त्या मागच्या सीटवर, सीटखाली पट्टी. अंगणात केरबांचा ट्रॅक्टर उभा होता. फाउंड्रीतल्या मिस्त्रीनं झाकण टेकवलं. कड कडेला भिडली. एक बोल्ट, दुसरा, तिसरा... शेवटचा आत गेला तेव्हा केरबांनी टोपी काढून तोंड पुसलं. तेल भरलं, थेंब गळला नाही. मला काही कळेना.

मिस्त्रीनं पॅटर्न पुसून काकूंच्या हातात दिला. "काकू, ह्यो घरी न्या. ह्यो बेकरीत जायाचा न्हाय." काकूंनी तो उलटा केला. खालच्या अंगाला पेन्सिलीनं, थरथरत्या अक्षरात काही लिहिलं होतं. "चष्मा न्हाय रं, तू वाच." मी वाचलं, "पट्टी साधी. वाढ हातानं धरली."

"साधी?" काकू म्हणाल्या. "मग त्यांची पट्टी कुठं गेली?"

मिस्त्री माझ्याकडं बघायला लागला, केरबा माझ्याकडं बघायला लागले, आणि मी त्या पॅटर्नकडं बघून मोठ्यांदा बोलून गेलो, "बापू, पट्टी माझ्याकडं हाय."