वहिनींची कोरी करकरीत कॅराव्हॅन

"नायरांवर बसा, देशपांडे डुगडुगतात."

वहिनींच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे वाक्य ऐकून मी उभाच राहिलो. नायर म्हणजे तपकिरी सोफा आणि देशपांडे म्हणजे त्याच्या शेजारची वेताची खुर्ची, हे नंतर कळलं. चहा फर्नांडिसांच्या कपांतून आला. दूध कमी पडलं तेव्हा थोरल्या मुलीला "शेखांत बघ" असं सांगण्यात आलं. शेख म्हणजे फ्रिज. कुवेत सोडून गेलेल्या माणसांच्या सामानाने भरलेलं ते घर वहिनी अशा थाटात दाखवायच्या की आलेला माणूस हसून बेजार व्हायचा. त्या स्वतः मात्र हसायच्या नाहीत.

त्यांचे यजमान जयंतराव रिफायनरीच्या कामावर पंपांचे इंजिनिअर आणि माझे सीनियर. मंगफला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, ते चौथ्या मजल्यावर आणि आम्ही तिसऱ्या. वहिनी मूळच्या नाशिकच्या. मंगफपासून अबू हलीफापर्यंतच्या मराठी घरांत नुसतं 'वहिनी' म्हटलं की त्याच समजायच्या, नावाची गरज पडत नसे. मला त्या 'भावजी' म्हणायच्या आणि माझ्याकडून फुकटात ड्रायव्हरचं काम करून घ्यायच्या.

गल्फमध्ये राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. एखादं कुटुंब 'फॉर गुड' म्हणजे कायमचं परत निघालं की व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्या संसाराचे फोटो येतात आणि संध्याकाळपर्यंत तो संसार चार घरांत वाटला जातो. नवीन वस्तू घेतलीच तर ती बॅगेत भरून इंडियाला न्यायची, इथे वापरायची ती दुसऱ्याची. जयंतराव या शास्त्रातले पंडित होते. नवीन गादी म्हणा, नवीन कढई म्हणा, त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "इथं काय आपण कायमचे राहणार आहोत?" सई आणि जुई, दोन्ही मुली इथेच जन्मल्या, इथेच शाळेत गेल्या, जयंतरावांचे केस इथेच पांढरे झाले, तरी उत्तर बदललं नाही. वहिनी म्हणायच्या, "यांचं तात्पुरतं माझ्या लग्नाइतकं जुनं आहे."

रजेचंही तेच. दर उन्हाळ्यात नाशिक आणि सातारा. तिथे बॅगा रिकाम्या करायच्या, राहून गेलेली लग्नं भेटून उरकायची, दातांच्या डॉक्टरकडे जायचं आणि परत यायचं. चौघांनी मिळून, कुणाच्याही घरी न उतरता केलेला असा एकही प्रवास त्यांच्या खात्यावर नव्हता. गेल्या हिवाळ्यात थोरली सई बारावीला होती. बारावी झाली की आपल्या मुलांचा इथला मुक्काम संपतो. सई कॅनडाला जाणार होती, आणि एकदा गेली की ती या घरी येणार ती पाहुणी म्हणून, तेही व्हिसा आणि सुट्टी जुळली तर. वहिनींनी फार चर्चा केली नाही. सई जायच्या आत चौघांचा एक प्रवास होणार, एवढंच त्यांनी जाहीर केलं.

कॅराव्हॅन त्यांच्या डोक्यात शिरली ती वफ्राच्या रस्त्यावर. जयंतराव, वहिनी आणि मी शेतावरून भाजी घेऊन परत येत होतो. वाळूत एक कुवेती कुटुंब तंबू ठोकून बसलं होतं आणि शेजारी पांढरी कॅराव्हॅन उभी होती. वहिनींनी मला गाडी थांबवायला लावली, तरातरा चालत गेल्या आणि तिथल्या आजीबाईंशी अरबी, हिंदी आणि हातवारे यांच्या मिश्रणात काहीतरी बोलून चक्क आत शिरल्या. आम्ही गाडीत अवघडून बसलो. बऱ्याच वेळाने त्या हातात खजुराचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आत ओटा आहे."

जयंतरावांनी ठरलेलं उत्तर द्यायला तोंड उघडलं. वहिनींनी ते पुरं होऊ दिलं नाही. "कायमचे राहणार नाही ना? इथं परक्या माणसाला घर घेता येत नाही ना? म्हणूनच चाकांचं घ्यायचं." जयंतराव खजुराच्या डब्याचं झाकण उघडायला लागले. मी गाडी सुरू केली.

बातमी मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात फुटली. तिथे प्रत्येकाकडे सल्ला होता आणि प्रत्येक सल्ला जुनी घेण्याचा होता. थंडीतला तंबूंचा सीझन संपला की कुवेती लोक कवडीमोलाने विकतात. कुणीतरी जाणारा शोधा. वर्षातून एकदा वापरायच्या वस्तूला कोरी कशाला? मला या शहाण्या माणसांचा मनापासून राग येतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या गादीवर झोपायचं आणि तिसऱ्याने नवी घेतली की यांची झोप उडते. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी सल्ला मागितला नव्हता, तिळगूळ मागितला होता."

मग शुवैखच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथल्या एका दुकानाच्या अंगणात कॅराव्हॅनची रांगच होती. सेल्समन हैदराबादचा, फार अदबशीर, पण बोलायचा फक्त जयंतरावांशी. त्याने आधी एक जुनी दाखवली. "साहब, एकदम लाइक न्यू है. ओनर चला गया." वहिनी पुढे झाल्या. "लाइक न्यू हमारे घर में बहुत साल से है. आज न्यू दिखाइए." तेव्हापासून तो वहिनींशी बोलायला लागला आणि जयंतरावांना पाण्याची बाटली आणून दिली.

कॅराव्हॅन कशी निवडावी यावर इंटरनेटवर पुष्कळ माहिती आहे. वहिनींनी त्यातली एक ओळही वाचली नाही. त्या घरून कापडी पिशवीत पाच लिटरचा कुकर घेऊन आल्या होत्या. प्रत्येक कॅराव्हॅनमध्ये शिरायचं, शेगडीवर कुकर ठेवायचा, शिट्टी वरच्या कपाटाला लागते का ते पाहायचं. पहिलीत लागली. दुसरीत शेगडीची तोंडं इतकी जवळ होती की कुकर ठेवला तर कढई मावत नव्हती. "यांच्याकडे एका वेळी एकच भांडं चढवतात वाटतं," वहिनी म्हणाल्या. सेल्समनने अभिमानाने ओव्हन उघडून दाखवला. वहिनींनी आत डोकावून पाहिलं आणि मान डोलावली. "कढया ठेवायला बरा आहे."

तोवर जयंतराव प्रत्येक गाडीखाली आडवे होऊन टॉर्च मारत होते. त्यांची काळजी रास्त होती. त्यांची फोर बाय फोर जुनी होती, आणि मागे जोडून ओढायची गाडी जितकी मोठी तितकी ती चढावर दमणार. म्हणून त्यांना दोघांची, छोटी कॅराव्हॅन आवडली. लागलं तर मधलं टेबल खाली घेऊन तिसरी गादी होत होती. कपडे झटकत ते म्हणाले, "अगं, सई ऑगस्टमध्ये जाणार. मग तिघंच. जुई गेली की दोघं. चौघांची घेऊन काय करायचं?"

वहिनी तेव्हा चौघांच्या कॅराव्हॅनमध्ये होत्या. मागच्या बाजूला एकावर एक अशा दोन अरुंद गाद्या होत्या आणि वरच्या गादीवर त्यांनी सईला बळेच झोपवलं होतं. सईचे पाय गुडघ्यापासून दुमडलेले. "आई, धिस इज रिडिक्युलस. आय वोन्ट इव्हन बी हिअर," ती छताकडे बघत म्हणाली. वहिनी खालूनच बोलल्या, आवाज न चढवता. "तू जाणार म्हणूनच चौथी गादी पाहिजे. तू राहणार असतीस तर मी घाई कशाला केली असती?" सई तिथून लगेच उतरली नाही. जयंतराव दारात उभे होते. त्यांनी टॉर्च बंद करून खिशात ठेवला आणि सेल्समनला विचारलं की चौघांची ओढायला मागचा हुक कुठला बसवावा लागेल.

गाडी ताब्यात मिळाली त्या दिवशी आत सगळीकडे प्लास्टिक होतं, गाद्यांवर, खुर्च्यांवर, कपाटांच्या दारांवरसुद्धा. आपल्याकडे हे प्लास्टिक वर्षानुवर्षं तसंच ठेवायची पद्धत आहे. मला स्वतःला माहीत असलेला एक टीव्ही रिमोट प्लास्टिकमध्येच निवर्तला. वहिनींनी नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि मग आत जाऊन सगळं प्लास्टिक टराटरा फाडून काढलं. जयंतराव कळवळून म्हणाले, "अगं, विकताना..." वहिनींनी प्लास्टिकचा बोळा त्यांच्या हातात दिला आणि त्या गादीवर पाय पसरून बसल्या.

पंधरा-वीस दिवसांतच नोटीस आली. प्रोजेक्ट संपला होता आणि जयंतरावांचं नाव कमी करायच्या माणसांत होतं. आमच्या धंद्यात हे नवीन नाही, पण ज्याच्यावर येतं त्याच्यासाठी ते नवीनच असतं. जयंतराव आठवडाभर नीट जेवले नाहीत. त्यात कॅराव्हॅन बिल्डिंगच्या मागच्या वाळूत उभी, एकदाही न वापरलेली, आणि येणारा-जाणारा खिडकीतून तिच्याकडे बघून च्यक् च्यक् करतोय. दुकानदार परत घेईल, आत्ताच द्या, कोरी आहे तोवर द्या, असं सगळे सांगत होते. जयंतरावांनी फोनही हातात घेतला. वहिनी म्हणाल्या, "नोटीस तुम्हाला आलीये. गाडीला आलेली नाही. सईचा शेवटचा पेपर झाला की आधी अबहा, मग पॅकिंग."

अबहा म्हणजे सौदीच्या दुसऱ्या टोकाला, डोंगरातलं थंड गाव. जायला-यायला मिळून तीनेक हजार किलोमीटर. नोकरी गेलेल्या माणसाने, कोऱ्या गाडीला जुन्या गाडीने ओढत तिथे जायचं, याला आमच्या बिल्डिंगमध्ये वेड हा एकच शब्द होता. एप्रिलमधल्या एका सकाळी ते चौघं निघाले. वहिनी खिडकीतून हात काढून बसल्या होत्या, आणि वरच्या गॅलऱ्यांमधून बघणाऱ्या सगळ्यांना त्यांनी तो आवर्जून हलवून दाखवला.

तिथे काय काय झालं ते मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. घाटात जुईला उलटी झाली ती नव्या गादीवर. माकडांनी ओट्यावरची केळी आणि ब्रेड पळवला. वाटेत वाळूचं वादळ आलं तेव्हा चौघं आत बसून मुगाची खिचडी खात होते आणि बाहेर काही दिसत नव्हतं. वरच्या गादीवरून सई आणि जुई रोज भांडल्या, आणि सईला ती रोज हवी होती. गाडी चढावर तापली तेव्हा रस्त्यात थांबून जयंतराव पोटभर हसले, का ते त्यांनाही सांगता आलं नाही. हे सांगताना वहिनींचा चेहरा असा फुलला होता की मला माझ्या बायकोकडे बघायची लाज वाटली. आम्ही त्याच सुट्टीत घरी बसून एसी दुरुस्त करून घेतला होता.

परत आल्यावर मात्र निघायची घाई सुरू झाली. सगळं घर पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं. कॅराव्हॅनसाठी जयंतरावांनी मजकूर लिहिला आणि मला वाचून दाखवला, 'नव्यासारखी, जेमतेम वापरलेली'. वहिनी भांडी गुंडाळत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "जेमतेम काय? चौघं झोपलोय आपण तिच्यात. खोडा ते." जयंतराव म्हणाले, "किंमत पडेल." "पडू दे. वापरलेली आहे म्हणून लिहा."

गाडी बघायला एक कुवेती गृहस्थ आले. अशा वेळी आपण डागावर उशी ठेवतो. वहिनींनी उशी उचलून डाग दाखवला. हा जुईचा. हा फोडणीचा, ओट्याच्या वर. वरच्या गादीशी भिंतीवर सईच्या टाचांचे ओरखडे होते, तेही दाखवले. ते गृहस्थ गोंधळून माझ्याकडे बघू लागले, पण त्यांनी घेतली.

ती न्यायला आले त्या दुपारी आम्ही चार-पाच घरं खाली वाळूत उतरलो होतो. वहिनी रडतील आणि त्यांना सावरावं लागेल अशी सगळ्यांची तयारी होती. माझ्या बायकोने तर ओढणीचं टोक हातात धरलं होतं. वहिनी ड्रायव्हरला "श्वय श्वय", म्हणजे हळूहळू, करत, दोन्ही हातांनी वळण दाखवत गाडीमागे कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या. ती मोठ्या रस्त्याला लागली तशा परत आल्या आणि आमच्या रांगेसमोर उभ्या राहिल्या. मला त्या क्षणी त्या फार आवडल्या, आणि आठवड्याभरात त्या मंगफमध्ये नसणार होत्या.

"असे काय चेहरे करून उभे आहात?" त्या म्हणाल्या. "वापरून विकलीये. न वापरता परत केली असती, तर आत्ता रडले असते."